दिवेलागणीच्या आंत

प्रवास आणि सहल हे दोन शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. पण त्या दोहोंत अंतर आहे, आणि तें मैलांचें नव्हे. पूर्वीं काशीस निघालेला मनुष्य घरादाराची निरवानिरव करून आणि सोयऱ्याधायऱ्यांचा निरोप घेऊन निघे, तो प्रवास. सकाळीं दशम्यांचें गांठोडें घेऊन नदीकांठच्या आमराईंत जावें, दुपार गप्पांत घालवावी आणि दिवेलागणीच्या आंत आपल्याच अंगणांत पाय धुवावे, ती सहल. सहलीचें सारें सुख या परतीच्या खात्रींत साठविलेलें असतें. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं ती सांगण्यासाठीं लेखणी उचलावी असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. ती कळण्यास उतारवयांत हिंदी महासागरांतील एका बेटावर जावें लागलें.

मॉरिशसचें नांव भूगोलाच्या पुस्तकांत भेटण्यापूर्वींच आमच्या कानांवर पडलें होतें. आमची आजी पांढऱ्या साखरेस ‘मोरस’ म्हणे. एके काळीं त्या बेटाची साखर मुंबई बंदरांत उतरत असे, आणि बेटाचें नांव मालाला चिकटून घरोघरच्या डब्यांत जाऊन बसलें होतें. परंतु आजीच्या तोंडीं हा शब्द आणखी एका प्रसंगीं येई. सर्वपित्री अमावास्येस सगळीं पानें वाढून झालीं म्हणजे ती शेवटीं एक पान वाढी आणि म्हणे, “हें मोरसच्या आजोबांचें.” हे आजोबा म्हणजे तिच्या आजेसासऱ्यांचे धाकटे बंधु. मालवणाकडून मुंबईस गेले, तेथें गलबतावर चढले, उसाच्या कामाला मोरसला गेले आणि परत आले नाहींत. केव्हां वारले हें न कळल्यामुळें त्यांस तिथि नाहीं. म्हणून त्यांचें पान अमावास्येचें. त्या पानावरची खीर मात्र गुळाची असे. मोरस साखर त्या पानाजवळ ती येऊं देत नसे. कारण तिनें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं.

हें सारें मनांत धरून आम्ही त्या बेटावर गेलों असें म्हणणें मात्र खोटेपणाचें होईल. आम्ही गेलों ते मौजेसाठीं. मुलीनें तिकिटें हातांत ठेविलीं आणि गेल्या श्रावणांत आम्ही उभयतां दहा दिवसांकरितां निघालों. आपल्याकडे पाऊस कोसळत असतां तेथें दक्षिण गोलार्धांतील सौम्य हिंवाळा असतो. हवा कोरडी, वारा खेळता, आणि सकाळीं अंगावर शाल घ्यावी इतकाच गारवा.

बेट उत्तर-दक्षिण सुमारें ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारें ४५. ज्वालामुखीच्या राखेरसानें उभें राहिलेलें, मधोमध उंच पठार, त्याच्या कडेनें चित्रविचित्र आकाराचे डोंगर, आणि जवळजवळ सर्व बाजूंनीं प्रवाळाचें कुंपण. या कुंपणाच्या बाहेर महासागर गर्जतो आणि आंत, किनाऱ्यापर्यंत, उथळ निळें पाणी तळ्यासारखें पसरलेलें असतें. अशा बेटावर कोठूनही कोठेंही निघावें आणि संध्याकाळीं मुक्कामावर परतावें, हें सहज जमतें. जणूं तें दिवसाच्या सहलींसाठींच बेतलेलें आहे. आम्हीं पश्चिम किनाऱ्यावर एका लहान घरांत बिऱ्हाड केलें, आणि जन्मभर कचेरींत काम केलेल्या मनुष्यास शोभेल असें दहा दिवसांचें कोष्टक आंखून भिंतीस लाविलें. आमच्या सौभाग्यवतींनीं त्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, “यांत बसून राहण्याचा दिवस कोणता?”

पहिली सहल उत्तरेकडील पाँप्लमूसच्या वनस्पति-उद्यानाची. अठराव्या शतकांत, फ्रेंचांच्या अमलांत, पिएर प्वाव्र नांवाच्या कारभाऱ्यानें या बागेस रूप दिलें. लवंग व जायफळ यांवर त्या काळीं डच लोकांनीं मक्तेदारी बसविली होती. प्वाव्रनें पूर्वेकडील बेटांतून तीं रोपें गुपचूप आणवून येथें रुजविलीं. चोरीच्या रोपांची ही बाग आज किती निरागस दिसते! एका लांबट तळ्यांत पराती मांडाव्या तशीं कांठ वळलेलीं प्रचंड पानें तरंगत असतात. हें अमेझॉनचें कमळ. त्याचें फूल पहिल्या संध्याकाळीं पांढरें उमलतें आणि दुसऱ्या दिवशीं गुलाबी होऊन मिटतें. पलीकडे तालिपोत नांवाचे ताड उभे आहेत. हा वृक्ष कित्येक दशकें नुसता वाढतो, आयुष्यांत एकदांच माथ्यावर फुलांचा डोलारा उभारतो, फळें पिकवितो आणि मरून जातो. त्याखालीं उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलानें आपल्या बाईंस विचारलें तें फ्रेंच वळणाच्या क्रिऑल भाषेंत. पण सूर असा होता कीं भाषांतराची गरज पडूं नये. त्याला तें झाड फुललेलें आजच पाहावयाचें होतें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही आग्नेयेस माहेबूरकडे गेलों. वाटेंत दोन्ही अंगांस ऊस, मध्यें मध्यें काळ्या दगडांच्या राशी. नांगरट करण्यापूर्वीं जमिनींतून उपसलेले हे ज्वालामुखीचे दगड. ते कोणाच्या हातांनीं उपसले गेले हा प्रश्न मोटारीच्या वेगांत मनाला शिवला आणि मागें पडला. किनाऱ्यावरून लहान बोटींतून पांच-सात मिनिटांत इल ओ एग्रेत नांवाच्या बेटुकल्यावर उतरतां येतें. क्षेत्र अवघें २६ हेक्टर. १९६५ सालापासून तें राखीव आहे, आणि वाटाड्यावांचून तेथें हिंडण्यास परवानगी नाहीं. मॉरिशसचें मूळचें किनारपट्टीचें रान कसें होतें हें आतां बहुतांशीं येथेंच पाहावयाचें. अबनूसाचीं काळ्या गाभ्याचीं झाडें वादळवाऱ्यानें ठेंगणीं राहिलीं आहेत. त्यांच्या बुडाशीं अजस्र कासवें चरत असतात. तीं मूळचीं येथलीं नव्हत. इथल्या कासवांचा खलाशांनीं फन्ना उडविला, आणि त्यांबरोबर फळें खाऊन बीं पसरविण्याचें कामही थांबलें. म्हणून अलदाब्रा बेटावरचीं कासवें आणून त्यांस तें काम दिलें आहे. एकाच्या जागीं दुसरें येऊन उसाच्या मळ्यांप्रमाणें रानही चालूं राहतें, असा विचार मनांत आला. तो तेव्हां केवळ चमत्कारिक वाटला.

डोडो पक्ष्याची कथा सर्वांस ठाऊकच आहे. १५९८ सालीं डच लोक येथें उतरले, आणि शतक पुरतें संपण्याआधींच तो न उडणारा, माणसास न भिणारा पक्षी नाहींसा झाला. पण त्याच बेटुकल्यावर आम्हांस एक गुलाबी पारवा दिसला. १९९० च्या सुमारास हे पारवे मोकळ्या रानांत जेमतेम दहा उरले होते. पिंजऱ्यांत पिलें वाढवून, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करून ते आतां शेंकड्यांनीं वाढले आहेत. २५ जुलै २०२० रोजीं वाकाशिओ नांवाचें जहाज येथून जवळच प्रवाळावर चढलें, आणि ऑगस्टच्या ६ तारखेस त्यांतून तेल वाहूं लागलें. सुमारें हजार टन काळें तेल या निळ्या पाण्यांत मिसळलें. त्या वेळीं गांवोगांवच्या लोकांनीं कापडी पिशव्यांत उसाचें पाचट भरून त्यांचे लांबच लांब तरंगते बांध रचले व ते समुद्रांत सोडले. आमचा वाटाड्या बोलतां बोलतां दोन्ही हातांनीं पाचट कोंबण्याची क्रिया करून दाखवी. ऊस त्या बेटाच्या कामीं आला, तो असा.

आतां पांचव्या दिवसाची हकीकत सांगितली पाहिजे, आणि ती आम्हांस भूषणावह नाहीं. त्या दिवशीं आम्ही होडींतून प्रवाळ पाहावयास गेलों. कुंपणाच्या आंतल्या बाजूस होडी उभी करून होडीवाल्यानें आमच्या डोळ्यांवर कांच बांधली, तोंडांत श्वासाची नळी दिली, आणि कुंपणांतील एका खिंडीकडे बोट करून दोनदां मान हलविली. तिकडे जाऊं नये, हें कोणासही समजलें असतें. आम्ही विहिरींत पोहावयास शिकलेले; पोहण्याचा गर्व अजून गेला नव्हता. सौभाग्यवती होडींत नारिंगी शाल गुंडाळून बसल्या आणि आम्ही उतरलों. खालीं सांबरशिंगासारखें, मेंदूसारखें, पंख्यासारखें प्रवाळ होतें. कांहीं पिंगट, कांहीं हाडासारखें पांढरें. समुद्र फार तापला म्हणजे प्रवाळाच्या पोटांत राहून त्यास अन्न व रंग देणारें सूक्ष्म शेवाळ निघून जातें, आणि मागें हा पांढरा सांगाडा उरतो. त्यांवरून एक हिरवा-निळा मासा चालला होता. त्याच्या मागें आम्ही किती गेलों हें डोकें वर काढीपर्यंत कळलें नाहीं.

होडी लहान झाली होती. लाटा कुंपणावरून जें पाणी आंत टाकतात, तें परत जाण्यास खिंडच शोधतें. ओहोटीला ती धांव अधिक. आम्ही होडीकडे हात मारूं लागलों. नारिंगी ठिपका जवळ येईना. अशा वेळीं मनुष्यास ईश्वर आठवतो म्हणतात. आम्हांस दूधवाला आठवला. त्याला कोणत्या तारखेपासून दूध सुरूं करण्यास सांगितलें होतें, हें कांहीं केल्या आठवेना, आणि हें त्यांना ठाऊक नाहीं, आपण सांगितलें नाहीं, या एकाच गोष्टीनें जीव कासावीस झाला. दहा मिनिटें झालीं असतील, किंवा पांचही. मग होडीच्या यंत्राचा आवाज आला, आणि काळ्या मनगटाचा एक हात आमच्या दंडास धरून आम्हांस पोत्यासारखें वर घेऊन गेला. होडीवाला रागावला नाहीं. त्यानें आपल्या बाटलींतला चहा झांकणांत ओतून दिला. तो इतका गोड होता कीं एरवीं आम्हीं तो प्यालों नसतों. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्यांची शाल भिजलेली होती, आणि ती कशानें भिजली हें आम्हीं विचारलें नाहीं. रात्रीं दिवा मालवल्यावर त्या म्हणाल्या, “कोष्टकांतल्या बाकीच्या सहली जमिनीवरच्या आहेत ना?”

त्या जमिनीवरच्याच होत्या. शामारेलची सप्तरंगी माती पाहिली, तिच्याजवळचा दाट झाडींत कोसळणारा धबधबा पाहिला. ब्लॅक रिव्हरच्या राखीव अरण्यांत एक सबंध दिवस चाललों. आणि आठव्या दिवशीं नैर्ऋत्य टोंकावरच्या ल मॉर्न डोंगराकडे गेलों. त्या दिवशींचा मोटार हांकणारा तरुण आमचें बोलणें ऐकून हळूच मराठींत म्हणाला, “काका, काकी, तुम्ही महाराष्ट्राचे?” त्याच्या घराण्यास येथें येऊन पांच पिढ्या झाल्या होत्या. घरांत क्रिऑल, शाळेंत इंग्रजी-फ्रेंच. मराठी तो शाळेंत ऐच्छिक विषय म्हणून शिकला होता, त्यामुळें त्याचें बोलणें पुस्तकांतल्यासारखें शुद्ध आणि जपून पाऊल टाकणारें होतें. गणेशचतुर्थीस सबंध देशास सुटी असते, हें त्यानें अभिमानानें सांगितलें. त्याच्या गांवीं आरत्या सगळ्यांस पाठ आहेत, अर्थ सांगणारे मात्र थोडे.

ल मॉर्न ५५६ मीटर उंच आहे. समुद्रांत घुसलेल्या जिभेवर उभा केलेला काळा किल्लाच. विमानांतून पाहणारास याच्या पायथ्याशीं समुद्राच्या पोटांत धबधबा कोसळत असल्यासारखें दिसतें; तो उतरत्या तळावरील वाळूचा व गाळाचा दृष्टिभ्रम आहे. डोंगराची कथा मात्र भ्रमाची नाहीं. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कड्यांत व माथ्यावर लपून राहत. १८३५ सालच्या फेब्रुवारीच्या १ तारखेस गुलामगिरी उठली. लोककथा अशी कीं ही आनंदाची वार्ता सांगावयास शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्यांनीं गणवेष पाहिले, आपणांस धरावयास आले असें समजले, आणि कड्यावरून खालीं उड्या घेतल्या. २००८ सालीं युनेस्कोनें हा डोंगर जागतिक वारशांत घेतला. आज तेथें सकाळीं सकाळीं तरुण मंडळी पायांत चांगले जोडे घालून चढावयास येतात आणि दुपारच्या आंत उतरतात.

अर्ध्या वाटेवर एक मोकळी जागा आहे. तेथून पुढें हातापायांनीं चढावें लागतें. वाटाड्यानें आमच्याकडे पाहिलें. पांच दिवसांपूर्वीं आम्ही नक्की वाद घातला असता. “आम्ही येथेंच बसतों,” असें आम्हीं म्हटलें, आणि सौभाग्यवतींनीं आश्चर्यानें आमच्याकडे पाहिलें. तो तरुण आमच्या सोबतीस थांबला. खालीं सारें निळें पाणी पसरलें होतें. कुंपणावर पांढरी फेंसाची रेघ, आणि तिच्यांत खंड पडला होता त्या जागा आतां आम्हांस बरोबर ओळखतां येत होत्या. बोलतां बोलतां मोरसच्या आजोबांची गोष्ट निघाली. तरुण एकदम सरळ होऊन बसला. मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत आलेल्या मजुरांच्या जुन्या वह्या जपून ठेविल्या आहेत, असें त्यानें सांगितलें, त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, गांव, अंगावरची खूण, कित्येकांचीं छायाचित्रेंही. त्याच्या आजोबांनीं आपल्या पूर्वजाचा क्रमांक तेथूनच काढून आणला होता आणि तो देवघरांत लिहून ठेविला होता. “आपण विचारूं या, काका,” तो म्हणाला. “आजोबांचें नांव काय?”

वाचकहो, आम्हांस त्यांचें नांव ठाऊक नव्हतें. आजीनें तें कधीं उच्चारलें नाहीं. सासरच्या वडीलधाऱ्यांचें नांव घेण्याची रीत नव्हती. वडिलांनीं विचारलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ आमच्या घरानें ज्यांस दरसाल जेवूं घातलें, त्यांचें नांव विचारण्याचें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. परक्या सरकारच्या कारकुनानें तें एकदां विचारलें असेल, आणि कोठल्या तरी वहींत तें लिहिलेलें असेल. आम्हीं त्या मुलास सांगितलें, “नांव नाहीं.” तो बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “मग सगळींच तुमचीं धरा.”

नवव्या दिवशीं कोष्टकांत बाजार लिहिला होता. तो पुसून आम्ही पोर्ट लुई बंदरांतील आप्रवासी घाटावर गेलों. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं आटलस जहाजांतून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर बेटावर उतरले, तेव्हांपासून १९२० पर्यंत सुमारें पांच लाख हिंदी लोक करारानें या बेटावर आले. कांहीं येथून इतर वसाहतींस गेले, कांहीं मुदत भरून मायदेशीं परतले, आणि बहुतेक येथेंच राहिले. १८४९ पासून त्यांस उतरवून घेण्याचें ठाणें हें होतें. आतां त्याचा थोडाच भाग उरला आहे: दगडी भिंती, इस्पितळाची जागा, जनावरांचा गोठा, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. पायऱ्या फारशा नाहींत. आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या मनुष्यासही त्या एका दमांत चढतां येतील. शाळेच्या मुलांची एक रांग, हातांत खाऊचे डबे घेऊन, आमच्यापुढून गेली. तीही सहलीसच आली होती. एका मुलीनें पायरीवर उडी मारली, बाईंनीं तिला हांक मारली, आणि तीं सगळीं आपापल्या मोटारींत बसून घरीं गेलीं. आम्हीही दिवेलागणीच्या आंत बिऱ्हाडीं परतलों. दाराची किल्ली खिशांत होतीच. तरी ती आम्हीं वाटेंत दोनदां चांचपून पाहिली.

निघतांना सौभाग्यवतींनीं तेथल्या साखरेचा एक पुडा घेतला. घरीं आल्यावर पंधरा-वीस दिवसांत सर्वपित्री अमावास्या आली. सगळीं पानें वाढून झालीं, शेवटचें पान मांडलें, आणि खिरीचें पातेलें चुलीवर असतां त्यांनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, “गूळ कीं मोरस?” किती वर्षांत हा शब्द घरांत उच्चारला गेला नव्हता! आम्ही बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. शेवटीं त्यांनींच गूळ किसावयास घेतला.

साखरेचा पुडा फडताळांत आहे. मंडळी सहलीची हकीकत ऐकावयास येतात, तेव्हां चहांत तीच साखर पडते. समुद्र कसा होता, असें सर्वजण विचारतात. निळा होता, असें आम्ही सांगतों.